काका, तुम्ही पत्ते उघडून दाखवलेत त्याबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, विचारायची वेळच आली नाही, पहाटे टेबल मोडलं आणि जो तो बोटीकडे पळाला. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर पोकर खेळायला येणारे, मालवणी बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून पत्ते बघणारे काका कुणाच्या ओळखीचे असतील तर प्लीज हे त्यांच्यापर्यंत पोचवा, मला त्यांचे आभार मानायचेत आणि घाईघाईत एक थँक्यू म्हणून भागणारं नाही ते.

काका, माझा प्रश्न साधा होता. खेळ सुधारायचाय, तर नऊ जणांच्या भरलेल्या टेबलावर बसू की पाच-सहा जणांच्या छोट्या टेबलावर? इतकंच. हा प्रश्न मी तुमच्याआधी बऱ्याच जणांना विचारला होता आणि त्यांच्याकडून काय काय ऐकलं ते सांगते, म्हणजे तुम्ही केलंत त्याची किंमत कळेल. एका ऑनलाइन कोचिंगवाल्याने चांगली दणकून फी घेतली आणि सांगितलं की फुल रिंग, म्हणजे नऊ जणांचं टेबल, संपलं, आता सिक्स-मॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त सहा जणांचंच शिकायचं, का म्हणून विचारलं तर रंगीबेरंगी चौकोनांची पीडीएफ पाठवली, 169 प्रकारचे हात, म्हणजे सुरुवातीला मिळणाऱ्या दोन पत्त्यांच्या जोड्या, आणि प्रत्येकाला एक रंग, पाठ करा. परत का विचारलं तर मेसेज वाचून गप्प. मग ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आला, ॲपवरची पैशांची टेबलं बंद झाली, आणि ते कोचिंगवाले ग्रुप बंद करून मोकळे, फी परत नाही की दोन ओळींचा निरोप नाही. माझ्याकडे राहिली सहा जणांची पीडीएफ, आणि खेळायचं तर आता गोवा, जिथे टेबल बहुतेक वेळा नऊ जणांचं. दुसरीकडे आमच्या ओळखीतल्या एका होम गेममध्ये विचारलं तर तिथला एक जण सगळ्यांसमोर हसून म्हणाला, तू भरल्या टेबलावर बस, गप्प बसून राहा, एक्के आले की पैसे लाव, बायकांना तेच जमतं. मी त्या घरी परत पाऊल टाकलं नाही.

आणि मग तुम्ही.

तो हात, म्हणजे तो डाव, तुम्हाला आठवत नसेल, मला पत्त्यानिशी आठवतोय. टेबल भरलेलं, नऊच्या नऊ जण. पत्ते बघायच्या आधीच सक्तीचे पैसे लावतात ते दोघं ब्लाइंड्स, तुम्ही त्यांच्या लगेच पुढच्या सीटवर, म्हणजे सगळ्यात आधी बोलायचं, खेळायचं की फेकायचं ते ठरवायचं तुम्हाला, आणि तुम्ही रेज केलंत, पैसे वाढवलेत. मधल्या सीटवर माझ्याकडे एक्का-राणी, मी कॉल केलं, तेवढेच पैसे लावले. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, एक्का आला. तुम्ही फ्लॉपवर बेट, चौथ्या पत्त्यावर, टर्नवर बेट, पाचव्या म्हणजे शेवटच्या पत्त्यावर, रिव्हरवर त्याहून मोठी बेट. मी खूप वेळ विचार केला, समोर बसलेला एक जण घाई करायला लागला, त्याला तुम्ही हातानेच थांबवलंत, आणि शेवटी मी फोल्ड केलं, पत्ते टाकून दिले. पॉट, म्हणजे मधे जमलेले सगळे पैसे, तुमचा. पत्ते दाखवायची तुम्हाला काही गरज नव्हती. कॉल झालाच नाही तर दाखवायचे नसतात, ती माहिती फुकट कुणी देत नाही, आपण कशाने बेट मारतो हे समोरच्याला कळलं की पुढच्या हाताला तोच आपल्याला धुतो. तरी तुम्ही डीलरने पॉट ढकलायच्या आत दोन्ही पत्ते सरळ करून माझ्यापुढे ठेवलेत. एक्का-राजा. आणि म्हणालात, ‘बरा फोल्ड केलंस गो. माझ्या पाठी आठ जणां होती.’

इतकंच बोललात. आठ जण माझ्यामागे बोलायचे बाकी असताना मी रेज केलंय, म्हणजे माझ्याकडे काय असेल ते समज. इतके पैसे भरून जे कुणी सांगितलं नाही ते या एका वाक्यात होतं.

मग रात्र सरत गेली, एकेक करत लोक उठले, पहाटे आपण चौघंच उरलो. खरं तर तुम्हीही उठू शकला असतात, चांगले जिंकलेले होतात, पण तुम्ही उठला असतात तर टेबल तिथेच मोडलं असतं आणि तुम्हाला दिसत होतं की मला अजून खेळायचंय. तुम्ही बसलात. त्याच सीटवरून, परत सगळ्यात आधी बोलायचं असताना तुम्ही रेज केलंत, आम्ही तिघांनी फोल्ड केलं आणि तुम्ही परत पत्ते उघडलेत. चौकटची राणी आणि चौकटची नव्वी. तेच राणी-नव्वी तुम्ही भरल्या टेबलावर पहिल्या सीटवरून डोळे मिटून फेकले असतेत. खुर्ची तीच, खेळणारा तोच, मागे आठऐवजी तीन. माझ्याकडे बघून म्हणालात, ‘टेबलार किती बसलीत ता बघू नको. तुझ्या पाठी किती रवलीत ता बघ.’

काका, मी बोटीत बसल्या बसल्या ते लिहून काढलं आणि मग घरी येऊन सगळं परत मांडलं. नऊच्या टेबलावर पहिले तिघं फोल्ड झाले की उरलेला हात जवळपास सहा जणांचाच असतो, म्हणजे ज्यावरून लोक ग्रुपवर भांडतात ते दोन खेळ वेगळे नाहीतच, एकात दुसरा बसलेला आहे. थोडा फरक राहतो, फोल्ड करणाऱ्यांनी बहुधा हलके पत्ते टाकलेले असतात त्यामुळे मागच्यांकडे मोठे पत्ते असायची शक्यता किंचित वाढते, पण किंचितच. माझ्या हातात दोन राजे असतील तर समोरच्या कुणा एकाकडे दोन एक्के असायची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आठ जण समोर असतील तर चार टक्क्यांच्या जवळ, पाच असतील तर अडीच टक्के. एक्क्यांची जोडी आठ जणांनी शेवटपर्यंत पाहिली तर शंभरात पस्तीसेक वेळाच जिंकते, एकट्यासमोर पंच्याऐंशी वेळा. हे आकडे माझ्या पीडीएफमध्येही कुठेतरी असतील, पण त्यांच्यात जीव आला तो तुमच्या त्या दोन हातांमुळे.

आणि आता मी काय करतेय तेही सांगते, कारण तुम्ही विचाराल. भरल्या टेबलावर बसते, फेकते, आणि मी हातात नसले तरी कोण कुठल्या सीटवरून काय करतोय ते बघते, लाइव्ह टेबलावर तासाला तिसेक हात पडतात, त्यातले माझे पाच-सहा, बाकी सगळा वेळ बघायलाच असतो. टेबल छोटं झालं की मुद्दाम उठत नाही, कारण खरं शिक्षण तिथे आहे, ब्लाइंड सारखा येतो, हलक्या पत्त्यांवर फ्लॉपनंतर खेळावंच लागतं, समोर तीच दोन-तीन माणसं येतात आणि तीही आपल्याला वाचायला लागतात. पण महाग आहे ते, हेही कळलंय. एका फेरीत बिग ब्लाइंड आणि त्याच्या निम्मा स्मॉल ब्लाइंड मिळून दीड बिग ब्लाइंड जातो, तो नऊ हातांवर वाटला तर हाताला एक षष्ठांश आणि सहा हातांवर वाटला तर पाव, शिवाय छोट्या टेबलावर हातही भराभर पडतात. म्हणून तेवढे पैसे बाजूला असतील तरच बसायचं. माझं मत विचाराल तर सुधारायचं असेल तर नजर भरल्या टेबलावर तयार होते आणि हिंमत छोट्यावर, एकच धरून बसणाऱ्याचं अर्धंच होतं.

काका, पोकरमध्ये एकाचं गेलं तरच दुसऱ्याचं येतं, त्यामुळे तिथे चांगुलपणा करणं म्हणजे खिशातून काढून देणं. तुम्ही मला जे दाखवलंत ते मी उद्या तुमच्याविरुद्धच वापरणार हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. आणि फक्त माझ्याशीच चांगले होतात असंही नाही. तो समोरचा हरल्यावर डीलरच्या अंगावर पत्ते फेकायला लागला, डीलर बिचारी विशीतली पोरगी, तेव्हा अख्खं टेबल मान खाली घालून चिप्स वाजवत बसलं आणि एकटे तुम्ही म्हणालात की पत्ते तिने नाही बनवले, तिची माफी माग. त्याने मागितली. कोपऱ्यातला नवीन मुलगा चुकीचा कॉल करून जिंकला तेव्हा बाकीचे त्याला अक्कल शिकवत होते, तुम्ही ‘नाइस हँड’ म्हणालात आणि चिप्स सरकवल्यात. मोठ्या चिप्स कायम पुढे, सगळ्यांना दिसतील अशा. जिंकायचा हात असताना समोरच्याला ताटकळत ठेवणं नाही, लगेच पत्ते खाली. अशी माणसं कुठल्याही टेबलावर असली की तिथे बसावंसं वाटतं, ऑफिसात असो नाहीतर सोसायटीच्या मीटिंगला. फी घेऊन गायब होणारे खूप भेटले, फुकट देऊन वर ‘बरा फोल्ड केलंस’ म्हणणारे तुम्हीच.

पुढच्या सुट्टीत मी परत येतेय. तुम्ही दिसलात तर आधी चहा माझ्याकडून, आणि मग टेबलावर मी तुम्हाला अजिबात सोडणार नाही, ते तुम्हालाही आवडणार नाही. एक हात मात्र मीही उघडून दाखवणार आहे, तुम्ही कॉल न करता.

तुमची,
सहा नंबरच्या सीटवरची