काम करणाऱ्याला निदान कळू तरी द्या

संपादक महोदय, स. न.

सरकारी नोकर म्हणजे फुकटचा पगार, असं कोणीही उठून बोलतं आणि ते वाचून वाईट वाटतं म्हणून हे पत्र. मी पेन्शन सेक्शनला क्लार्क म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. कामचुकार लोक होते, नाही म्हणत नाही, पण ऑफिस सुटल्यावरही टेबलावर बसून राहणारे पण होते आणि पगार दोघांना सारखाच. मग हे बसून राहणारे कशासाठी राबायचे?

एका मयत कर्मचाऱ्याच्या पत्नीची फाईल नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. आमच्याकडच्या एका नवीन मुलाने रेकॉर्ड रूममधे दोन दिवस गठ्ठे उपसून जुनं सर्व्हिस बुक शोधलं, पहिल्याच पानावर बरोबर नाव मिळालं आणि ऑर्डर निघाली. त्या बाई आल्या, काही बोलल्या नाहीत, त्याच्या टेबलासमोर उभ्या राहून ऑर्डर दोनदा वाचली, बस. त्यानंतर तो पोरगा अडकलेल्या फाईली स्वतःहून मागून घ्यायला लागला.

अमेरिकेत ॲडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 2007 ला छापून आला होता. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे लोक, त्यातल्या काहींना त्याच पैशातून स्कॉलरशिप मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटं बोलायला दिलं, तर महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीच्या वर गेला. सरकारी नोकर नव्हते ते, पण मला तो पोरगाच आठवला. आपलं काम कोणापर्यंत पोचलं हे आमच्यातल्या बहुतेकांना कधी दिसतच नाही हो, फाईल जावकला गेली की संपलं.

पगार, प्रमोशन महत्त्वाचं आहेच, घर त्यावरच चालतं. पण टार्गेटवर बोनस लावला की माणूस सोप्या फाईली आधी उरकतो आणि अशा बाईंची फाईल तळाशी जाते. आणि उत्साह मरतो तो दुसऱ्याच गोष्टीने. जो काम करतो त्याच्याच टेबलावर आणखी ढीग येतो, चूकही त्याच्याच हातून होते आणि नोटीसही त्यालाच, ज्याने पेन उचललंच नाही त्याचं रेकॉर्ड कोरं करकरीत. अशा वेळी साहेबाने "सही माझी आहे, मी बघतो" एवढं म्हटलं तरी सगळा सेक्शन जोमाने काम करतो, हे मी स्वतः पाहिलंय.

माझ्या अख्ख्या नोकरीत तक्रारअर्ज किती आले ते मोजलेच नाहीत, आभाराची पत्रं तीन आली आणि तिन्ही अजून जपून ठेवलीयेत. वाचकांना एवढीच विनंती आहे, काम झालं नाही तर जरूर तक्रार करा, पण झालं तर ज्याने केलं त्याचं नाव विचारून घ्या आणि त्याच्या साहेबाला दोन ओळी लिहून पाठवा.

– एक निवृत्त कर्मचारी