नवेगावबांधच्या त्या भाऊंना, बांबूबद्दल

भाऊ, नमस्कार.

डिसेंबरातल्या त्या रविवारी तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. पालथ्या डोंग्याला टेकून जाळं सांधत बसलेले तुम्ही, आणि तुमच्यासमोर कानटोपी घातलेले माझे बाबा. एवढ्यावरून तुमच्या ओळखीचं कुणी तुम्हाला हे वाचून दाखवेल.

नागपूरहून पहाटे साडेचारला निघालो होतो. साकोलीपर्यंत नुसतं धुकं. तलावावर पोचलो आणि मी गाडीचं दार धाडकन लावलं. काठाजवळचा अख्खा थवा उठून पार मधोमध जाऊन बसला. "दार लोटाचं जी, आपटाचं नाही," एवढंच म्हणालात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुर्बीण नवी होती, बाबांसाठीच घेतलेली. पण त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं, त्यात हात थरथरतो. मी आपला "ते झाड बघा, त्याच्या डावीकडं, अजून डावीकडं" करतोय. शेवटी ते "दिसलं, दिसलं" म्हणाले. त्यांना काही दिसलं नव्हतं, आणि ते तुम्हाला माझ्याआधी कळलं.

तुम्ही जाळं बाजूला ठेवलंत. डोंगा ढकलायचा बांबू डोंग्यावर आडवा टाकलात, खाली एक दगड सारलात, एक डोळा मिटून शेंडा पाण्याकडं वळवलात. "गाल टेकवा इथं. शेंड्याहून सरळ पाहा." मग दुर्बीणही बांबूवरच टेकवलीत. थरथर थांबली.

तलवार बदक, नर. चॉकलेटी डोकं, मानेवरून वर चढत गेलेली पांढरी रेघ, मागे सुईसारखं शेपूट. बघता बघता त्यानं डोकं पाण्यात खुपसलं, शेपूट आभाळाकडं. बाबा लहान मुलासारखे हसले. हे बदक सहसा बुडी मारत नाही, मान पोचेल तेवढ्याच पाण्यातलं खातं. म्हणून काठाचं उथळ पाणी मोकळं राहायला हवं, हे तुम्ही शेजारच्या बेशरमाच्या झुडपाला शिवी हासडून सांगितलंत. शिवी इथं लिहीत नाही.

मग बांबू थोडा सरकवलात. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. याला वारकरी म्हणतात, हे मी पुस्तकी ज्ञान पाजळलं. तेवढ्यात तो उडायच्या आधी पाण्यावरून धपधप पळत सुटला. बाबा म्हणाले, "दिंडी चुकली वाटतं याची." बाबांनी स्वतः चार वाऱ्या केल्यात, त्यांना तो अधिकार आहे.

अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळींनी हा तलाव कसा बांधला, भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी का म्हणतात, हेही तुम्ही सांगत होतात. माझं अर्धं लक्ष बाबांकडं होतं. पुढच्या खेपेला पुन्हा विचारीन.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चार संत्री घेतलीत, तीही लेकरांसाठी म्हणून.

काल संध्याकाळी आम्ही फुटाळ्यावर गेलो होतो. लांब पाण्यात काहीतरी काळं तरंगत होतं. बाबांनी आपली काठी कठड्यावर आडवी ठेवली, एक डोळा मिटून नेम धरला आणि नातीला म्हणाले, "गाल टेकव इथं."

तुमचा,
दार आपटणारा नागपूरकर