कार्बोरेटरला हात लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींची छायाचित्रे आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि आम्ही ती हौसेने पाहतो; पण त्या गाड्या रस्त्यावर याव्यात म्हणून घरच्या अंगणात काय करावे लागते, याविषयी कधी काही छापून आल्याचे आठवत नाही. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) यांची नस ओळखणारे मिस्त्री नागपुरात आता शोधावे लागतात. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना हे काम स्वतः शिकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि शिकताना होणारी पहिलीच मोठी चूक टाळता यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. इंजिन मिसिंग मारू लागले, म्हणजे मधूनमधून अडखळू लागले, की लगेच कार्बोरेटर खोलायचा, ही ती चूक.

माझ्याकडे १९६५ सालची एमजी बी ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार आहे. तिचे इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे असून त्यावर एसयू जातीचे दोन कार्बोरेटर आहेत. मामांनी ती मुंबईहून आणली होती आणि त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात वर्धा रोडवर ती झटके देऊ लागली. एका गॅरेजमध्ये नेली, तेथे दोन्ही कार्बोरेटर उतरवून धुतले गेले, त्यांचे नट अंदाजाने फिरवले गेले, बिल झाले आणि गाडी परतीच्या वाटेवर पुन्हा तशीच झटके देऊ लागली. अखेर ती टोचन करून घरी आणावी लागली.

त्या रात्री मी शांतपणे लक्षणे लिहून काढली. गाडी उभी असताना आयडलिंग, म्हणजे इंजिनाचे नुसते संथ चालणे, अगदी सुरेख होते. पाय हलका ठेवून चालवली की झटके बसत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पुन्हा सुरळीत धावे. पेट्रोल कमी पडत असते तर पूर्ण दाबल्यावर त्रास वाढायला हवा होता. येथे तो नाहीसा होत होता. प्लगना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील ज्या पत्र्यावर पॉइंट बसवलेले असतात, तो पत्रा कार्बोरेटरकडून येणाऱ्या व्हॅक्यूमच्या (हवेच्या ओढीच्या) नळीमुळे थोडा फिरतो आणि ठिणगी आधी पाडतो. माझ्या गाडीत हा व्हॅक्यूम आयडलिंगला जवळपास नसतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरही ओसरतो. अर्ध्या दाबावर तो जोरात असतो. म्हणजे पत्रा हलला की काहीतरी तुटत होते. मी बॅटरीची तार काढली, डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले, पॉइंट मिटलेले ठेवून मीटर जोडला आणि व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढली. पत्रा जेमतेम फिरला तोच मीटरचा काटा थरथरला आणि पडला. पॉइंटपर्यंत जाणाऱ्या बोटभर लांबीच्या तारेचे वेष्टण वरून शाबूत होते, आत मात्र तांब्याचे केस एकेक करून तुटले होते. नोकरीची सगळी वर्षे वीज खात्यात गेल्याने तारेवर मी सहसा विश्वास ठेवत नाही, तरी या तारेने मला दोन आठवडे फसवले. तार काही रुपयांत बदलली गेली. गॅरेजमध्ये बिघडवलेले कार्बोरेटर पुन्हा जुळवायला त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला.

म्हणून कामाचा क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे. प्रथम टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट आणि प्लग, त्यानंतर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), आणि हे सगळे ठीक झाल्याची खात्री पटल्यावरच कार्बोरेटर. या इंजिनात टॅपेटची फट थंड असताना ०.०१५ इंच ठेवतात आणि त्यासाठी नऊची बेरीज लक्षात ठेवावी लागते: आठ व्हॉल्व्हपैकी पहिला पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा तपासायचा, दुसरा उघडा असेल तेव्हा सातवा, आणि याच रीतीने पुढे. पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच आणि प्लगची ०.०२५ इंच. फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा फिलर गेज स्वस्त मिळतो, पण तो फटीत ओढताना हाताला जो हलका अडथळा जाणवला पाहिजे तो सरावानेच कळतो.

कार्बोरेटरची पाळी आली की आधी दोन्हींची हवा सारखी करावी. हातभर रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरले असता जी सूं सूं ऐकू येते, ती दोन्हीकडे एकसारखी हवी. या कामी महागडे यंत्र लागत नाही. मग एकेका कार्बोरेटरची पिन हलकेच दाबून आतला पिस्टन मिलिमीटरभरसुद्धा नाही इतकाच उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच टिकला तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, इंजिन मंदावून बंद पडू लागले तर ते कमी आहे, आणि वेग किंचित वाढून लगेच पूर्ववत झाला तर जुळणी बरोबर आहे. ज्यातून पेट्रोल येते त्या जेटखालचा नट सहा पैलूंचा असतो. तो खाली फिरवला की पेट्रोल वाढते, वर फिरवला की कमी होते, आणि एका वेळी एकच पैलू फिरवायचा असतो. या सबुरीवाचून एसयू जुळत नाही.

आपल्या शहराचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा आहे. या इंजिनात कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडे जाणारा तापलेला मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांच्या अंगावर आहेत. पारा ४५ अंशांवर असताना सीताबर्डीच्या गर्दीतून आलेली गाडी दहा मिनिटे उभी केली, तर कार्बोरेटरच्या फ्लोटच्या कप्प्यात साठलेले पेट्रोल उकळते आणि गाडी पुन्हा सुरू होण्यास कुरकुर करते. हा दोष समजून पुन्हा कार्बोरेटर उघडणारे मी पाहिले आहेत. मधला उष्णतारोधक पत्रा आणि कार्बोरेटरखालचे उष्णतारोधक ठोकळे जागेवर आहेत ना, हे आधी पाहावे. बरेचदा मागील दुरुस्तीत पत्रा काढून कोपऱ्यात टाकलेला असतो. गाडी उभी केल्यावर थोडा वेळ बॉनेट उघडे ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते. त्यामुळे जुन्या मापावर जुळवलेल्या इंजिनाला आज पेट्रोल कमी पडते, प्लग पांढरट पडतात आणि इंजिन अधिक तापते. नट एखाद-दोन पैलू खाली घेऊन प्लगचा रंग कॉफीसारखा तपकिरी येईपर्यंत पाहावे लागते. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि भेगाळतात; त्या बदलण्यात कंजुषी करू नये, कारण गळणारे पेट्रोल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर पडते. अग्निशामक हाताशी असावा, गाडीखाली शिरताना विटांऐवजी योग्य स्टँड लावावेत आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये.

२०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढील, मूळ स्वरूपातील गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतील स्वतंत्र क्रमांक मिळतो. इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. असे असताना ‘साहेब, मारुतीचे इंजिन टाकून मोकळे व्हा’ हा सल्ला मला आजवर निदान चार ठिकाणी मिळाला, आणि दर वेळी मूळ दोष हजार रुपयांच्या आत निघाला. मिस्त्रींचा यात दोष नाही. ज्यांनी कधी पॉइंट पाहिले नाहीत, त्यांनी ते ओळखावेत तरी कसे?

माझी विनंती एवढीच आहे की, शहरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार मेकॅनिकच्या वर्गात पॉइंट आणि कार्बोरेटर असलेले एक चालू इंजिन ठेवावे आणि मुलांना त्यावर महिन्यातून एक दिवस तरी हात चालवू द्यावा. एखाद्या संस्थेची तयारी असेल, तर माझी गाडी आणि माझा रविवार मी त्यासाठी देईन; तुटलेली ती तार मी जपून ठेवली आहे, तीही मुलांना दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक,
धरमपेठ, नागपूर