पेन्सिलीनं लिहिलेल्या गावांबद्दल, बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

पुस्तकात नाव छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. ते पाळतो आहे. पण आभार मानू नका असं काही तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या लोककथांच्या मराठी अनुवादाला जोडायच्या टिपा तुम्ही तपासून दिल्यात, आणि त्यातली ‘ची’वरची, म्हणजे प्रत्येक माणसाचं नशीब घडवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या दैवतावरची, टीप तर ओळ न ओळ. १९७०च्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा आला, शाळा भराभर निघाल्या आणि भारतातून शिक्षक तिकडे गेले. त्यांत मराठी मंडळीही होती. तुम्ही गेलात गणित शिकवायला, पण शेजारच्या म्हाताऱ्या बायांचं बोलणंही कान देऊन ऐकलंत. त्या ऐकण्याचा उपयोग इतक्या वर्षांनी मराठी वाचकाला होणार आहे.

आधी ही टीप ज्यांच्याकडे नेली त्यांची नावं घेत नाही. एका जाणकारांनी ‘अहो, आपली सटवाईच ती’ म्हणून विषय मिटवला. दुसऱ्यांनी ‘पाठीराखा देवदूत’ असं लिहून खाली सही ठोकली. एका संस्थेकडून तर पोचही आली नाही. एखाद्याला माहीत नसेल तर त्याचं काही वाटत नाही. पण एका अख्ख्या समाजानं माणसाच्या नशिबाचा इतका बारीक विचार करून ठेवला आहे आणि त्यासाठी अर्धा तास द्यावा असंही कुणाला वाटू नये, याचा राग अजून उतरलेला नाही.

सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री येते, कपाळावर लिहिते आणि निघून जाते. ची जात नाही. एक वस्तू उभी असेल तर तिच्याजवळ दुसरी उभी असतेच, अशी इग्बो म्हण आहे. तसा इथं माणूस आणि पलीकडे त्याचा ची. चुक्वू, म्हणजे सर्वांत थोर देव, प्रत्येकाला वेगळा ची देतो. घराण्याचा एक, गावाचा एक, असा हिशेब नाही. एकाच आईच्या पोटी जन्मलेली भावंडं इतकी वेगवेगळी का निघतात, याचं उत्तरही तिथंच सापडतं: आई एक असली तरी घडवणारा ची एक नसतो. जन्मापूर्वी चीबरोबर जे ठरलं ते माणसाच्या वाट्याला येतं. त्याला ‘आकाराका’ म्हणतात आणि ते हाताच्या रेषांत पाहतात. म्हणून चीला आत्माही म्हणता येत नाही. मेलेला पूर्वज त्याच कुळात पुन्हा जन्माला येतो असं इग्बो मानतात, पण मरणाऱ्याच्या चीचं ठाणं तर मोडून टाकतात. परत येणारा वेगळा आणि ची वेगळा.

इथवर तुम्ही एकही ओळ खोडली नाहीत. ‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’ या म्हणीपुढे तुम्ही पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘सगळीकडे’ असं लिहिलंत. माणूस हो म्हणाला की त्याचा चीही हो म्हणतो. पुढच्या म्हणीपुढेही ‘सगळीकडे’: माणूस जिथं पडतो तिथं त्याच्या चीनंच त्याला ढकललेलं असतं. या दोन म्हणी शेजारी ठेवून ‘इग्बो विचारात विसंगती आहे’ असं म्हणणारे आम्हाला भेटले होते. तुम्ही मधल्या कोऱ्या जागेत फक्त कधी म्हणतात ते लिहिलंत. पहिली म्हण अंग झाडून कामाला लागायचं असतं तेव्हा, तरुण पोराला, कुस्तीच्या आधी, व्यापाराला निघताना. दुसरी सगळं करून झाल्यावरही जो उताणा पडला त्याच्या दारात, त्याला दोष लागू नये म्हणून. त्या जागांची अदलाबदल केली की दोन्ही म्हणी क्रूर होतात. पडलेल्याला ‘तू हो म्हणाला नसशील’ असं कुणी म्हणत नाही.

आणि मग ती गावं. बाई, खरे आभार त्यांचे आहेत. टिपेत जिथं जिथं ‘इग्बो लोक असं करतात’ असं लिहिलं होतं, तिथं तिथं तुम्ही ते वाक्य न खोडता समासात गावाचं नाव लिहिलंत. अवका. ओनिचा. न्री. न्सुक्का. एका ठिकाणी ‘फक्त ऐकलेलं, पाहिलेलं नाही’. एवढीशी गोष्ट, पण त्यानं टीप मुळापासून बदलली. लाखो लोकांच्या तोंडी एकच वाक्य घालायची सवय आपल्या लिहिण्यात किती मुरलेली आहे ते त्या समासामुळे दिसलं.

उदाहरणार्थ, चीला खाली आणण्याचा विधी. अवका भागात कर्त्या पुरुषाला आपल्या चीचं ठाणं मांडायची वेळ येते तेव्हा तो पुजारी बोलावतो. दिवस उगवताना सूर्याच्या चेहऱ्यावरून ची खाली आणतात आणि त्यानंतर तो वाड्यात डोळ्यांना दिसेल अशा रूपात राहतो. माणूस मेला की ते ठाणं मोडायचंच असतं, मुलगा ते वारशानं घेऊ शकत नाही. आमच्या टिपेत हा विधी साऱ्या इग्बो मुलखाचा झाला होता. तुम्ही पुढे ‘अवका’ लिहिलंत आणि खाली जोडलंत की न्सुक्काकडे सूर्याचं, आन्यान्वूचं, स्वतःचं ठाणं असतं, ते यात मिसळू नका.

इकेंगाचंही तसंच. चीवर लिहिणारे घाईघाईनं इकेंगाला चीची मूर्ती म्हणून टाकतात. इकेंगा ही लाकडात कोरलेली आकृती, बहुधा पुरुषाची, डोक्यावर मेंढ्याची शिंगं, उजव्या हातात सुरा, डाव्या हातात बहुतेक वेळा शत्रूचं डोकं किंवा हस्तिदंत. शिंगं मेंढ्याची, कारण तो डोक्यानं भिडतो. इकेंगा माणसाच्या उजव्या हाताचा, त्याच्या कर्तबगारीचा. त्याला कोला (पाहुण्यापुढे आणि देवापुढे ठेवतात ते कडवट बी), ताडी, कोंबड्याचं रक्त देतात, पण यश दिलं नाही तर त्याला जाबही विचारतात. काम न करणारा इकेंगा फोडून सरपणात टाकावा, अशी म्हणच आहे. चीला असं कुणी बोलत नाही. ची बदलता येत नाही, इकेंगा नवा कोरून घेता येतो. हातावरच्या रेषा ठरलेल्या आणि उजवा हात मात्र आपल्या ताब्यात, या दोन गोष्टी इग्बो माणूस एकाच वेळी सांभाळतो. समासातला तुमचा शेरा जसाच्या तसा: ‘ओनिचा, अवका, न्री. दक्षिणेकडचं विचारून मग लिहा.’

कोलाच्या परिच्छेदात तुम्ही आमची मोठी चूक छापली जाण्यापासून वाचवलीत. चित्रासाठी मिळालेला फोटो दोन पाकळ्यांच्या कोलाचा होता. तो ‘ग्वोरो’, बाजारात भरपूर मिळतो, खायला चालतो, पण देवापुढे नाही. विधीला लागतो तो ‘ओजी इग्बो’, तीन, चार किंवा अधिक पाकळ्यांचा. फोडल्यावर पाकळ्या मोजतात. चार निघाल्या तर बाजाराचे चार वार, एके, ओरिये, आफो आणि न्क्वो, पुरे झाले म्हणून समाधान मानतात. सकाळच्या प्रार्थनेत क्रमही ठरलेला: आधी हात-तोंड धुणं, मग ‘न्झू’ या पांढऱ्या खडूनं जमिनीवर रेघा, मग कोला हातात धरून देव, पूर्वज आणि आपला ची यांना हाक, शेवटी फोडून तुकडे. प्रार्थना इग्बोतच व्हायची. कोलाला इंग्रजी कळत नाही, असं तिथं सगळेच म्हणतात. घार बसो, गरुडही बसो, हे वाक्य त्या प्रार्थनेतलंच. आम्ही ते भलत्याच पानावर सुभाषित म्हणून टाकलं होतं.

पैलवानाच्या कथेची टीप तुम्ही सर्वांत कमी हाताळलीत. माणसांत जोडीदार उरला नाही म्हणून तो भुतांच्या मुलखात जातो, तिथंही एकेकाला चीत करतो, आणि शेवटी त्याचा स्वतःचा ची उभा राहतो, काटकुळा, दोरीसारखा. तो ची पैलवानाला एका हातानं उचलून दगडावर आपटतो. ‘अहंकाराचं घर खाली’ हे आमचं शीर्षक तुम्ही खोडलंत आणि विचारलंत, ‘त्याला परत चल म्हणणारे कोण होते ते का गाळलं?’ मूळ कथेत ते आहेत. ते परत घातल्यावर कळलं की चीशी कुस्ती खेळायला निघालेल्या माणसानं त्याआधी आपल्या माणसांचं ऐकणं सोडलेलं असतं.

शेवटचा परिच्छेद ‘ची’वरून ठेवलेल्या नावांचा. चिनेदू, चिओमा, चिन्येरे, चिदी. पुण्यात शिकायला आलेल्या नायजेरियन मुलांत ही नावं ऐकू येतात. १८५७ साली ओनिचाला मिशन आलं, आणि आज बहुतेक इग्बो ख्रिस्ती आहेत. चिनेदू म्हणजे त्यांच्या लेखी देव वाट दाखवतो. तिथं तुम्ही गावाऐवजी ‘चर्चमधला अर्थ’ असं लिहिलंत, आणि ‘हाही खराच’. हे दोन शब्द मला फार मोठे वाटतात. जुन्या श्रद्धेवर प्रेम करणारे लोक नव्या श्रद्धेला भेसळ म्हणतात, असं नेहमी पाहतो. तुम्ही दोघांनाही आपापल्या जागी बसवलंत.

ज्याला खूप माहीत आहे त्यानं ‘एवढंच मला माहीत आहे’ असं लिहून ठेवणं, ही सभ्यता दुर्मीळ झाली आहे. सभांमधून, वर्तमानपत्रांतून, परीक्षकांच्या अहवालांतून ती दिसत नाही. ती तुमच्यासारखी माणसं कसलाही गाजावाजा न करता पाळत असतात आणि तिच्या जिवावर आमच्यासारख्यांची पुस्तकं धड निघतात. तुमचा समास आम्ही छापणार आहोत. प्रत्येक विधीपुढे गावाचं नाव, जसं तुम्ही लिहिलंत तसं.

एक जागा मात्र अडली आहे. आई झालेल्या बाईसाठी चीचं ठाणं मांडतात आणि ओगिरिसीच्या झाडाची फांदी रोवतात, ती लगेच मूळ धरते म्हणून, या ओळीपुढचं नाव पुसट झालं आहे. पहिलं अक्षर ‘अ’ आहे. अवका की अगुलू? दोन्ही गावं जवळची असली तरी अंदाजानं छापायचं नाही. सवडीनं कळवा, पान तोवर थांबवून ठेवलं आहे.

आपला,
टिपा लिहिणारा