फोन उशाशी ठेवून झोपायचे पैसे कोण देणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

राईट टू डिस्कनेक्टवर, म्हणजे ऑफिस सुटल्यावर कामाचा फोन न उचलायच्या हक्कावर, तुमच्याकडे जी पत्रं येतायत ती वाचतोय. त्यात एका काकांनी लिहिलंय की आयटीवाल्यांना लाखात पगार, एसीत बसायचं, मग रात्री एखादा फोन आला तर बिघडलं कुठे. काकांवर राग नाही, माझे सासरेही हेच म्हणतात, आणि ते तर एसटीत कंडक्टर होते, मुक्कामी गाडीवर कितीतरी रात्री काढल्यात त्यांनी. फक्त त्या मुक्कामाचा भत्ता त्यांना मिळायचा, थोडाथोडका का होईना पण पगाराच्या कागदावर यायचा, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

मी पुण्यात एका कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टला आहे, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टीममध्ये बिघाड झाला की तो दुरुस्त करायचा, क्लायंट अमेरिकेतला. ऑन-कॉल म्हणजे काय ते आधी सांगतो कारण बऱ्याच जणांना ती नाईट शिफ्टच वाटते. नाईट शिफ्टवाला रात्री काम करतो, दिवसा झोपतो, त्याला शिफ्ट अलाउन्स असतो, न्यायला-सोडायला कॅब असते. ऑन-कॉलवाला दिवसाची ड्युटी पूर्ण करतो आणि वर रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो. सिस्टीममध्ये काही बिघडलं की फोनवर अलर्ट वाजतो, आमच्याकडे तो पंधरा मिनिटांत अ‍ॅकनॉलेज करावा लागतो, म्हणजे बघतोय असं कळवावं लागतं, नाही केला तर सेकंडरीला, म्हणजे राखीव माणसाला जातो, त्याने नाही उचलला तर मॅनेजरला, आणि मग सकाळी जे ऐकावं लागतं ते वेगळंच. अ‍ॅकनॉलेज केलं म्हणजे झालं असंही नाही, लॅपटॉप उघडून व्हीपीएन लावून ब्रिज कॉलवर (सगळ्यांच्या एकत्र फोनवर) बसायचं, तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात म्हणजे इकडे रात्रीचा दीड, थंडीत तिकडचं घड्याळ बदललं की अडीच, समोरचा माणूस एकदम फ्रेश असतो आणि विचारतो की ईटीए काय, म्हणजे कधी दुरुस्त होणार.

आता जे फोन येतात त्यांचा तरी कुठेतरी तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक असतो, हिशोब निघू शकतो. जे येत नाहीत त्यांचं काय? रोटा, म्हणजे ऑन-कॉलची पाळी, तुमचा असला की तो अख्खा आठवडा तुम्ही रेंज सोडून कुठे जाऊ शकत नाही, म्हणजे ट्रेक नाही, कोकणात गावी जाणं नाही कारण घाटात नेटवर्क जातं, पिक्चरला गेलात तर फोन मांडीवर उलटा ठेवून बसायचं, चुलतभावाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत पाठीला लॅपटॉपची बॅग. कुणी दोन घोट घेणारा असेल तर तेही बंद. आणि झोप! ज्याने हे केलंय त्यालाच कळेल, फोन वाजला नाही तरी झोप अर्धीच असते, बाजूच्या फ्लॅटमधला अलार्म वाजला तरी हात आपल्या फोनकडे जातो. माझी बायको माझ्या रोटाच्या आठवड्यात मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपते. तर या सगळ्याला कंपनीच्या भाषेत काम म्हणत नाहीत, अव्हेलेबल असणं म्हणतात, आणि त्याचे पैसे शून्य. काही कंपन्या आठवड्याला ठराविक काहीतरी देतात, बऱ्याच ठिकाणी तेही नाही, कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी घ्या म्हणतात आणि ती घ्यायला गेलं की सॉफ्टवेअरचं नवीन रिलीज जवळ आलेलं असतं.

एचआरला विचारलं की उत्तर ठरलेलं, पॅकेजमध्ये सगळं आलं, ऑफर लेटर नीट वाचा. वाचलं, त्यात एक ओळ असते की व्यवसायाच्या गरजेनुसार जादा वेळ काम करावं लागेल. पण त्याच कंपनीचं क्लायंटशी जे काँट्रॅक्ट असतं त्यात असं गोलमाल काही नसतं बरं का. तिथे चोवीस तास सात दिवस सपोर्ट असं स्पष्ट लिहिलेलं असतं, किती मिनिटांत रिस्पॉन्स, किती तासांत फिक्स, चुकलं तर पेनल्टी किती, आणि त्याचा रेटही त्याप्रमाणे लावलेला असतो. म्हणजे माझी रात्र विकली जाते, तिला बाजारात भाव आहे, फक्त तो माझ्यापर्यंत येत नाही.

आणि लाखांचं म्हणाल तर मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज गेली कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय, पुण्यात तीन जणांत फ्लॅट घेऊन राहणारी ही पोरं असतात, आणि रोटात सगळ्यात जास्त नावं त्यांचीच, त्यातही ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांची दिवाळी-गणपतीला हमखास. तुला काय घरी कुणी वाट बघतंय का, हे मी स्वतः मीटिंगमध्ये ऐकलंय.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा मुळात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू केला होता, आयटी कंपन्या त्यात येतात. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यावर काम केलं तर दुप्पट दराने पैसे, आणि ओव्हरटाईमला तीन महिन्यांत १२५ तासांची मर्यादा असं त्यात होतं. कामगाराच्या व्याख्येत टेक्निकल काम करणाराही आहे, म्हणजे आम्ही बसतो. पण मॅनेजर आणि सुपरवायझर पदावरचे वगळलेत, आणि आमच्याकडे चार वर्षं झालेल्या पोरालाही लीड नाहीतर असोसिएट मॅनेजर असं काहीतरी नाव देऊन ठेवतात, हाताखाली एक माणूस नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हे नऊ तास दहा करायला आणि ओव्हरटाईमची मर्यादा १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा टीव्हीवर दहा तासांवरून बरीच चर्चा झाली. माझं म्हणणं वेगळंय, आमचे तास मोजतंय कोण? रात्री दीड ते तीन ब्रिज कॉलवर बसलो ते कुठल्या रजिस्टरला लागतं? आणि फोनची वाट बघत जे थांबायचं त्याचा दर तर या कायद्यात मला कुठे दिसला नाही.

खासदार सुप्रिया सुळे यांनी राईट टू डिस्कनेक्टचं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) लोकसभेत २०१८ ला मांडलं होतं, परत डिसेंबर २०२५ मध्ये मांडलं. हेतू चांगलाच आहे, पण स्वातंत्र्यानंतर आजपर्यंत जेमतेम चौदा खासगी विधेयकांचे कायदे झालेत आणि शेवटचा १९७० साली, तेव्हा त्यावर फार आशा लावून बसण्यात अर्थ नाही. आणि खरं सांगू का, मला स्वतःला फोन बंद करायचा हक्क नकोच आहे. बँकेचा सर्व्हर रात्री पडला, हॉस्पिटलची सिस्टीम बंद पडली तर कुणीतरी उठलंच पाहिजे. पावसाळ्यात डीपी उडाली की आपण रात्री बाराला महावितरणच्या वायरमनला फोन लावतोच की, आणि तो नाही आला तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा उद्धारही करतो. उठायला ना नाही. उठायचा आणि उठायच्या तयारीत राहायचा रेट ठरवा एवढंच.

हे काही जगावेगळं मागणं नाही. जर्मनीत सरकारी आणि महापालिकेच्या नोकऱ्यांचा जो वेतन करार आहे त्यात घरी राहून ऑन-कॉल असलेल्या माणसाला नुसतं थांबण्याचे, एकही फोन आला नाही तरी, सोमवार ते शुक्रवार दिवसाला दोन तासांच्या पगाराइतके आणि शनिवार, रविवार, सुट्टीच्या दिवशी चार तासांच्या पगाराइतके पैसे मिळतात, प्रत्यक्ष काम केलं की त्याचे वेगळे. बेल्जियममध्ये निव्हेल गावच्या एका स्वयंसेवक फायरमनची केस युरोपच्या कोर्टात गेली होती, त्याला बोलावणं आलं की आठ मिनिटांत स्टेशनवर पोचावं लागायचं, कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की असं बांधून ठेवलं असेल तर घरी थांबणं हाही कामाचाच वेळ. (पगार किती द्यायचा हे मात्र ज्याच्या त्याच्या देशाच्या कायद्यावर सोडलं.) आम्हाला कुठे पळत जायचं नसतं हे मान्य, पण पंधरा मिनिटांची दोरी आमच्याही पायाला आहेच. ऑस्ट्रेलियाचं मला सगळ्यात जास्त पटलं. तिथे २६ ऑगस्ट २०२४ पासून ऑफिस सुटल्यावर आलेला फोन न उचलायचा हक्क आहे, पण न उचलणं वाजवी होतं की नाही हे ठरवताना बाकीच्या गोष्टींबरोबर हेही बघतात की त्या वेळात उपलब्ध राहायचे पैसे त्या माणसाला मिळतात का. मिळत असतील तर उचल बाबा, नसतील तर तुझं न उचलणं समजू शकतं. सरळ हिशोब आहे.

आणि लांब कशाला जायचं, मुंबईत रात्री बारा ते पहाटे पाच रिक्षाने गेलात तर मीटरवर सव्वापट द्यावे लागतात, सरकारनेच ठरवून दिलंय, आपण कुरकुरत का होईना देतो. आमच्या सोसायटीत लिफ्ट अडकली तेव्हा टेक्निशियनने रात्रीचे पाचशे जास्तीचे मागितले, तर कमिटीतल्या ज्या गृहस्थांनी सगळ्यात जास्त घासाघीस केली ते स्वतः आयटीत डिलिव्हरी मॅनेजर आहेत, आता बोला.

पैशांचा मुद्दा नुसता आमच्या खिशाचा नाहीये, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फुकट ते पौष्टिक असं आपल्याकडे म्हणतात, तसंच आहे हे, कुणाची रात्र फुकट मिळत असेल तर ती वाचवायची तसदी कोण घेणार? आमच्याकडे एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम होता, दुकानांच्या विक्रीची फाईल यायची आणि ती घेऊन तो रात्री चालायचा. फाईल उशिरा आली की जॉब फेल, जॉब फेल की अलर्ट, अलर्ट आला की ज्याचा रोटा तो उठून लॉगिन करून बघणार, तोपर्यंत फाईल आलेली असणार, जॉब परत रन करायचा, संपलं. काम दहा मिनिटांचं आणि झोपेची वाट तास-दीड तास. परमनंट इलाज सगळ्यांना माहीत होता, फाईल येईपर्यंत जॉबने थांबायचं एवढाच बदल, एका डेव्हलपरचं दोन-तीन दिवसांचं काम. पण ते दोन-तीन दिवस क्लायंटला बिल होत नव्हते म्हणून तिकीट बॅकलॉगला, म्हणजे बाकी कामांच्या यादीत पडून, दर मीटिंगमध्ये नेक्स्ट स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात घेऊ. महिनोन्‌महिने आम्ही आळीपाळीने उठत होतो. मग काँट्रॅक्ट रिन्यू झालं आणि त्यात आलं की ठराविक संख्येच्या वर रात्रीचे कॉल गेले तर क्लायंटला तासाप्रमाणे वेगळे पैसे लागणार. पहिलं बिल गेल्यावर तिकडच्या मॅनेजरने विचारलं की हा एकच जॉब रोज का पडतो, आणि त्याच महिन्यात तो बदल झाला, अलर्ट बंद. त्या जादा बिलातला एक रुपया आमच्या टीमला मिळाला नाही हा भाग सोडा, पण आमच्या झोपेला किंमत लागल्याबरोबर ती वाचली ना!

असे किती जॉब किती कंपन्यांत पडलेले असतील. डिस्क ऐंशी टक्के भरली म्हणून रात्री तीनला उठवणारे अलर्ट, जे सकाळी दहाला बघितले तरी चालतात. टेस्ट सर्व्हरचे अलर्ट. दोन मिनिटांत आपोआप क्लिअर होणारे अलर्ट. दर कॉलमागे मॅनेजरच्या बजेटमधून पाचशे-हजार रुपये जायला लागले तर यातले निम्मे पुढच्या आठवड्यात बंद होतील, पैजेवर सांगतो.

तेव्हा मागणं असं की रोटा महिनाभर आधी लेखी द्यावा, थांबण्याचा प्रत्येक रात्रीचा ठराविक भत्ता असावा, तो फ्रेशरला आणि सीनियरला सारखाच असला तरी चालेल, फोन उचलला की तिथून कायद्याप्रमाणे दुप्पट आणि दहा मिनिटांचं काम असलं तरी निदान एक तास धरावा, आणि रात्री उठलेल्या माणसाला सकाळी नऊच्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या मीटिंगला) बोलावू नये. युरोपात चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांतीचा नियम आहे, आपल्याकडे सात मिळाले तरी लोक पेढे वाटतील. चार आठवड्यांत एकापेक्षा जास्त आठवडा एकाच माणसावर येऊ नये, येत असेल तर टीम छोटी आहे असा त्याचा अर्थ, माणूस कामचुकार आहे असा नाही. आणि हे असोसिएट मॅनेजर नावाचं नाटक कामगार खात्याने एकदा तपासावं, ज्याच्या हाताखाली कुणी नाही, ज्याला कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, तो कुठला मॅनेजर.

कंपन्या म्हणतील असं केलं तर कामं फिलिपिन्सला जातील. हे ऐकत ऐकत माझी निम्मी नोकरी झाली. क्लायंट इथे स्वस्त पडतं म्हणून येतो हे खरंच, पण चार जणांच्या टीमचा रात्रीचा भत्ता महिन्याला जितका होईल तितका तर सेल्सवाल्यांचा एका क्लायंट व्हिजिटचा जेवणाचा खर्च असतो. त्याने काँट्रॅक्ट कुठे जात नाही.

शेवटी तुमच्या पेपरला एक विनंती, सत्तर तास काम करा, नव्वद तास करा असं कुणी मोठा माणूस बोलला की त्याची पहिल्या पानावर बातमी होते. एकदा तुमच्या बातमीदाराला हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या पाच-दहा कंपन्यांत पाठवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा, रात्री आलेल्या कॉलचे तास तुमच्या ओव्हरटाईमच्या नोंदीत दिसतात का, दिसत असतील तर दाखवा. तोच प्रश्न कामगार आयुक्तांनाही विचारा. जी उत्तरं येतील ती छापा, नाही आली तर नाही आली असं छापा.

नाव छापू नये.

आपला,
एक सपोर्ट इंजिनिअर,
वाकड, पुणे