बंड्याच्या डोसबद्दल

नाशिक,
शनिवार रात्र

प्रिय मंजू,

काल फोनवर तू रडवेली झालीस आणि मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. सकाळी तुझ्या मधुमेही बोक्याची, बंड्याची, शुगर ३९० आली म्हणून इन्सुलिनचे दोन युनिटचे तीन करायचा तुझा विचार आहे. अगं, करू नकोस. निदान उद्या दिवसभराचे आकडे हातात येईपर्यंत तरी नको.

सकाळचा आकडा जास्तच दिसणार. आदल्या इंजेक्शनला बारा तास झालेले असतात, त्याचा जोर ओसरलेला असतो. डोस ठरतो तो मधल्या वेळी शुगर किती खाली जाते त्यावर. माझ्या वहीतला आमच्या मांजरीचा, ठमीचा, एक दिवस बघ, दोन युनिटवरचा: सकाळी सातला ३७२, नऊला ३१८, अकराला २११, दुपारी एकला ११८, तीनला १२४, पाचला २३०, संध्याकाळी सातला ३५१. मी फक्त ३७२ पाहून डोस वाढवला असता, तर दुपारी एकला काय झालं असतं? आमच्या डॉक्टरांनी सांगितलेला हिशेब असा: सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५०च्या दरम्यान असेल तर डोसला हात लावायचा नाही. ८०च्या खाली गेला तर लगेच कमी करायचा. १५०च्या वरच राहत असेल तर वाढवायचा, पण अर्ध्या युनिटनेच, आणि तोही एका डोसवर पाच-सात दिवस काढल्यानंतर. आपण देतो त्या इन्सुलिनला, ग्लार्जिनला, शरीरात बसायला तेवढे दिवस लागतात. तू तर तिसऱ्याच दिवशी कंटाळलीस! तुझे डॉक्टर वेगळे आकडे सांगतील तर त्यांचं ऐक, पण वाढवण्याआधी त्यांना फोन कर.

आता जे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही ते सांगते. गेल्या वर्षी सिरिंजा संपल्या आणि मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवीन पाकीट आणलं. टोपण लाल होतं. आधीच्या सिरिंजांचं नारंगी होतं, पण इन्सुलिनची सिरिंज ती सिरिंज, असं वाटलं. लाल टोपणाची सिरिंज मिलीलिटरला ४० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी असते आणि आपलं ग्लार्जिन आहे १०० युनिटवालं. लाल सिरिंजवर दोनच्या रेघेपर्यंत ओढलं, म्हणजे ठमीच्या अंगात दोन नाही, पाच युनिट गेले. अडीचपट! रात्री साडेअकराला ती पाण्याच्या वाटीपाशी उभी होती, मान डुलत होती, मागचे पाय दोन दिशांना सरकत होते. हाक मारली तर माझ्याकडे बघेना. मीटरवर ३८.

मी बोटाला मध लावून तिच्या हिरड्यांवर चोळला. गळ्यात ओतायचा नाही, श्वासनलिकेत जातो. दहा मिनिटांनी तिने जीभ फिरवली, मग थोडं खाल्लं. पंधरा मिनिटांनी ६१ आली आणि आम्ही तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. उजाडेपर्यंत तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते. तेव्हापासून मधाची बाटली इन्सुलिनच्या शेजारी असते. तूही ठेव, आणि आजच सिरिंजचं टोपण बघ. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली छोटी सिरिंज मिळाली तर तीच घे.

उद्या दिवसभराच्या शुगरचा आलेख काढताना रक्ताच्या थेंबासाठी बंड्याचा कान आधी गरम कर. मी मोज्यात मूठभर तांदूळ भरून तव्यावर कोमट करते आणि कानाच्या कडेला अर्धा मिनिट धरते. कडेला व्हॅसलीनचं पुसट बोट फिरवलं की रक्त केसांत पसरत नाही, मोहरीएवढा गोल थेंब उभा राहतो. मागून कापसाचा बोळा धर, नाहीतर टोचणी आरपार जाऊन तुझ्या बोटात शिरेल. आणि प्रत्येक वेळी मीटर तेच वापर. माणसांची मीटर मांजरांची शुगर जरा कमी दाखवतात, म्हणून दोन मीटरच्या आकड्यांची तुलना करू नये. दवाखान्यात काढलेल्या शुगरवर तर फार जाऊ नकोस, घाबरलेल्या मांजराची शुगर तेवढ्यानेच चढते.

इंजेक्शन देताना थोडी औषधाची ओल केसांवर दिसली, नीट गेलं की नाही कळलं नाही, तर दुसरं देऊ नकोस. एक डोस चुकल्याने काही बिघडत नाही, दुप्पट झाला तर जीवावर बेततं. बंड्या जेवला नाही तर इन्सुलिन द्यायच्या आधी डॉक्टरांना विचार. उलट्या व्हायला लागल्या, सुस्तावला, तर वाट न बघता घेऊन जा.

त्याला खाजेसाठी मध्यंतरी स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली होती ना? ते डॉक्टरांना सांगितलंस का? त्यानेही मांजरांत शुगर वाढते. आणि कोरडं खाणं हळूहळू बंद करायचं बघ. त्यात पिष्ट फार असतं. ठमीला मी ओल्या खाण्यावर आणल्यापासून तिचा डोस दोनाचा एक झाला. काही मांजरांचं इन्सुलिन पहिल्या काही महिन्यांत सुटतंही. बंड्याचं सुटावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तर खाणं बदलशील तेव्हा मीटर जास्त वेळा लाव, कारण कालचा डोस मग जास्त होऊ शकतो.

ठमी मध्यंतरी शुगरपायी मागचे घोटे टेकवून चालायची, आठवतंय? परवा तिने ओट्यावर उडी मारली. मी तिला ओरडले नाही, नुसती बघत राहिले.

उद्या सकाळी सातला पहिला आकडा घेतलास की मला पाठव, मग दर दोन तासांनी. मी दिवसभर घरीच आहे.

तुझीच,
सुमी