ऑक्सफर्डच्या काकूंना मनापासून थँक्यू

प्रिय काकू,

जय ख्रिस्त! तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही म्हणून नुसतं काकूच म्हणते, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मी नगरची, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती घर, त्यामुळे संडे स्कूल, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, आजोबांची संध्याकाळची प्रार्थना हे सगळं मला आयतंच मिळालं. ऑक्सफर्डला मास्टर्सला आले तेव्हा मात्र रविवारी चर्चला गेले काय नि नाही गेले काय, विचारणारं कोणी नाही, आणि डिपार्टमेंटमधले मित्रमैत्रिणी अगदी सरळ मनाने विचारायचे की तू हे सगळं खरंच मानतेस का आणि का मानतेस. आता "आमच्या घरी मानतात" हे काही उत्तर नाही ना!

तेव्हा उपासनेनंतर कॉफी घेताना मागून "कुठली गं तू?" असा आवाज आला आणि मला रडूच आलं. मिरजेला नर्सिंग शिकून इकडे एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आयुष्य काढलेल्या तुम्ही, पहिल्याच रविवारी घरी नेऊन वरणभात वाढलात. पण काकू, मला आभार मानायचेत ते जेवणापेक्षा जास्त या गोष्टीचे, की तुम्ही माझ्या एकाही प्रश्नाला "असं विचारू नये" म्हणाला नाहीत. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मला समजत नाही म्हटलं तर तुम्ही थेट वाँटेजला घेऊन गेलात, ऑक्सफर्डहून बसने जाण्यासारखं ते छोटंसं गाव, आणि तिथे सांगितलंत की 1883 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुलगी मनोरमेसोबत इथेच बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही ज्यांनी त्यांना शिकवलं त्या इथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्रैक्यावर वाद, क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत का नको यावर वाद. आम्हाला रमाबाई म्हणजे केडगावचं मुक्ती मिशन एवढंच माहीत, पण इतकं सगळं विचारणारी बाई पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणते हे ऐकून मी बसमध्ये परत येताना काहीच बोलले नव्हते, आठवतंय?

आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला माझंच कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं.

त्या हिवाळ्यात आजोबा गेले आणि मला परीक्षेमुळे जाता आलं नाही. चार वाजताच अंधार, रूमवर एकटी, प्रार्थनेला शब्द सुचेनात, आणि घरून फोनवर सगळे म्हणत होते, रडू नको, देवाची इच्छा. तुम्ही तसं काहीच म्हणाला नाहीत, येऊन शेजारी बसलात आणि स्तोत्र 88 काढून मोठ्याने वाचलंत. मी ते आधी कधी नीट वाचलंच नव्हतं. त्यात शेवटपर्यंत उजेड नाही, अंधारावरच संपतं, तरी तो माणूस देवाशीच बोलतोय, दुसऱ्या कोणाशी नाही. देवापुढे असं रडता येतं, त्याच्याशी भांडता येतं, आणि ते बायबलमध्येच लिहून ठेवलंय, हे मला तुमच्यामुळे कळलं. त्या रात्री मी जी प्रार्थना केली ती पहिल्यांदा माझी स्वतःची होती, आजोबांची पाठ झालेली नाही.

त्यानंतर लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, तुम्ही मला तुमच्या बायबल अभ्यासाच्या ग्रुपमध्ये घेतलंत, तिथे नायजेरियाचे, केरळचे, कोरियाचे लोक भेटले, प्रत्येकाची प्रार्थना करायची पद्धत वेगळी, तेही फार आवडलं.

आता कोर्स संपला, पुढच्या महिन्यात मी नगरला परत येतेय. कॉलेजच्या मुलामुलींसाठी एक अभ्यासवर्ग सुरू करू का असं आमच्या पाळकांना विचारलं, जिथे कोणी काहीही विचारू शकेल असा, आणि ते लगेच हो म्हणाले. तुम्ही नाताळात मिरजेला येणार आहात ना, तर एक रविवार नगरसाठी ठेवा, पहिलं सत्र तुमचंच. आई म्हणतेय वरणभात यावेळी आमच्याकडे.

तुमचीच,
नगरची पोरगी